दस्तीखालचा हात

तुम्हाला बसवून नेलं. आपल्या लिंगायतांत बसवूनच नेतात, तुमच्या आईंना, अव्वांनाही तसंच नेलं होतं, त्यात नवल काही नाही. पण पक्षाघात झाल्यापासून मी तुम्हाला बसतं करायला धडपडत होते. पाठीला उशा, बगलेत लोड, समोर स्टूल. तुम्ही हळूहळू उजवीकडे कलंडायचात, कडेचं पोतं कलंडतं तसे. आणि त्या दिवशी भावकीतल्या चौघांनी तुम्हाला पाटावर ठेवलं, पाठीला फळी लावून उपरण्यानं बांधलं, कपाळाला विभूती लावली, आणि तुम्ही ताठ बसलात. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ही फळी मला आधी कशी सुचली नाही. रडू मागाहून आलं, तेही कामाच्या अधेमधे.

तुमच्या आंघोळीला पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न होता. हौदाच्या तळाला नुसता गाळ. नळ कधी येणार हे विचारणंही गल्लीनं सोडून दिलेलं. मी लेकीला, सुवर्णाला म्हटलं, टँकरवाल्याला फोन लाव. तेवढ्यात समोरच्या घरातली सून कळशी घेऊन आली, दारात ठेवली आणि गेली. मग बाकीच्या आल्या. कुणाची घागर, कुणाचं झाकण लावलेलं पातेलं, एकीनं तर पिण्याचा जार आणला. ज्या गल्लीत बादलीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, तिथं तुमच्यासाठी दारात भांड्यांची रांग लागली. सबंध उन्हाळा मी तुम्हाला तांब्याभर पाण्यात पुसून काढलं. शेवटी एकदाची पोटभर आंघोळ झाली तुमची. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सिस्टर, मेल्याबिगर पाणी मिळंना बघ ह्या लातुरात. म्हणून म्हणतो, उदगीर जिल्हा झाला पाहिजे."

गल्ली मला सिस्टर म्हणते कारण मी आरोग्य सेविका आहे, सुया टोचते, बाळंतपणं करते. तुम्ही म्हणायचात ते चिडवायला. नवऱ्यानं बायकोला सिस्टर म्हणू नये, लोक हसतात, असं मी कितीदा सांगितलं. "मग डॉक्टर हो, तसं म्हणतो," हे तुमचं उत्तर.

आणि उदगीर जिल्हा. हे भांडण कुठं ठेवू आता? पाऊस नाही, उदगीर जिल्हा पाहिजे. तुरीला भाव नाही, उदगीर जिल्हा पाहिजे. सुवर्णाचं लग्न लांबलं, तरी तुमचं आपलं तेच. मी म्हणायचे, "जिल्हा होऊन लातुराला काय शिंगं फुटली?" तुम्ही म्हणायचात, "तुला नोकरी लागली की." ते मात्र खरंच होतं.

लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला ते आपल्या लग्नाचं पहिलं वर्ष. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, नव्या जागा. नांदेडला होस्टेलवर राहून नर्सचं ट्रेनिंग केलेली मी उदगीरच्या घरात चुलीपुढं बसले होते, आणि लातूरची ऑर्डर आली. घरात एकही माणूस खूश नव्हतं. तुम्ही तेवढे म्हणालात, "जाऊ की." जाऊ म्हणालात, जा म्हणाला नाहीत. मला तेव्हा त्यातला फरक कळला नाही.

तुमचं घर जनावरांच्या बाजारातलं. मामंजी दलाल, तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालेले. बैलाचा सौदा तोंडानं करायचा नाही, चारचौघांना भाव कळतो. हातात हात घ्यायचा, वर दस्ती टाकायची आणि बोटं दाबून काय ते बोलायचं. बघणाऱ्याला दिसतो एक रुमाल आणि दोन कोरे चेहरे. तुम्ही त्यात वाकबगार होतात म्हणे. गफूरभाई, तुमचे जोडीदार दलाल, सांगायचे, "विरूचा हात म्हंजे भाभी, हलतो का नाही ते माशीलाबी कळायचं नाही."

लग्नाला महिनाही झाला नसेल. आपण सगळे पडवीत शेंगा फोडत बसलो होतो. मध्ये सूप, सगळ्यांच्या मांडीवर एकच लांबलचक गोणपाट. अव्वा, मामंजी, तुमच्या बहिणी. आपल्याला दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची सोय नव्हती त्या घरात. तुम्ही गोणपाटाखाली माझा हात धरलात आणि बोटं दाबायला लागलात. एक दाबलं, दुसरं सोडलं, तळव्यावर काहीतरी घासलं. मला गुदगुल्या झाल्या आणि रागही आला. मी मोठ्यानं म्हणाले, "काय ते तोंडानं सांगा की!"

सगळ्या पडवीला हसू फुटलं. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल. अव्वा डोळ्यांतलं पाणी पुसत कानडीत काहीतरी बोलल्या, आणि मग माझ्यासाठी मराठीत, "सांग रे बाबा, तोंडानं सांग. बैल न्हवं ती." पुढं वर्षभर घरात कुणी काही मागितलं की दुसरा म्हणायचा, तोंडानं सांग. त्या दिवशी हातानं काय सांगत होता ते मी नंतर विचारलं. तुम्ही म्हणालात, "काय न्हाई." मग तुम्ही मला ती बोटांची भाषा शिकवायला बघितलीत, दोनतीनदा. मी म्हटलं, ही मुक्या माणसांची कामं, मला नको. मी शिकलेली बाई होते. मला बोलणारा नवरा पाहिजे होता.

तुम्ही झालात बोलणारे. बाजार सोडलात, माझ्यामागं लातूरला आलात, आडत दुकानात चिकटलात. उदगीरात लोक म्हणाले, बायकोच्या पदराला धरून गेला. तुमचा सगळा हुन्नर दस्तीखालचा, आणि इथं आडतीत उघडा लिलाव, सगळ्यांच्या पुढं ओरडून बोली. पहिले काही महिने तुमचा आवाजच फुटत नव्हता. हमाल हसायचे. घरी येऊन तुम्ही पायरीवर बसून मला सांगायचात, आज असं ओरडलो, आज तसं. मी उपकेंद्रावरचं सांगायचे. कुठल्या गावात बाई रस्त्यातच बाळंत झाली, कुठल्या सासूनं मला दारातून हाकललं. जेवण झालं की आपण दोघं त्या पायरीवर. शेजारी म्हणायचे, ह्यांना एवढं बोलायला असतं तरी काय?

सगळं असायचं. सरपंच, तूर, देव आहे का नाही, सुवर्णाला सायन्स घालायचं का, भूकंपात माणसं गेली त्याला पाप म्हणायचं का. तुम्ही सातवी शिकलेले, पण अर्धवट गोष्ट सोडायची नाही ही तुमची खोड. सकाळी डबा देताना तुम्ही कालच्या वादाचा पुढचा मुद्दा काढायचात. मी स्कूटी चालू करून उभी, आणि तुम्ही हँडल धरून, "म्हंजे तुझं म्हणणं असं, की..."

आता जे लिहायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही एकदाच सांगितलं होतं.

सुवर्णाच्या पाठीवरचं बाळ राहिलं नाही आणि मीही मरता मरता वाचले. त्यानंतर माझं अंग मिटलं. दुसरा शब्द मला माहीत नाही. दिवसभर मी बायकांची पोटं तपासायचे, टाके घालायचे, रक्तात हात घालायचे. घरी आल्यावर कुणाचा हात अंगावर नको व्हायचा, सुवर्णाचासुद्धा. वर्षभर मी ओढत नेलं. मग एका रविवारी, सुवर्णा खेळायला गेली होती तेव्हा, तुम्हाला तोंडानं सांगितलं. म्हटलं, माझ्याच्यानं आता ते होणार नाही. तुमच्यावर राग नाही, दुसरं काही नाही, पण होणार नाही. तुम्ही भिंतीकडं बघत होता. म्हणालात, "बरं."

आणि बाज उचलून पुढच्या खोलीत नेलीत.

तुम्ही भांडला असता तर मी भांडले असते. भांडणात मी हुशार. "बरं"शी कसं भांडायचं? तुम्ही बाहेर कुठं गेला नाहीत, दारूकडं वळला नाहीत, टोमणा मारला नाहीत. पायरीवरचं बोलणं उलट वाढलं. मी मनाशी ठरवून टाकलं की आपलं जमलंय. माझ्याकडं येणाऱ्या बायकांना मी ठासून सांगायचे, नवराबायकोत बोलणं पाहिजे, बाकीचं येतं नि जातं. ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एक जण म्हणाली, "सिस्टर, आमचा बोलला तर आमाला ताप भरंल." मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बोलणं चांगलंच हाय. पण बोलल्यालं वाऱ्यावर जातं, सिस्टर. धरल्याला हात ऱ्हातो."

मी उसळले. म्हटलं, "रोज हात धरणारे नवरे मी बघते. बायकोचं वय विचारलं तर सांगता येत नाही त्यांना. हाताला काय अक्कल असते?"

तुम्ही म्हणालात, "तेबी खरं हाय." एवढंच. हे एकच भांडण असं, की ज्याचा पुढचा मुद्दा तुम्ही सकाळी काढला नाहीत. मी जिंकले असं धरून चालले.

संक्रांतीनंतर तुम्ही आडतीतच पडलात. हॉस्पिटलात पोचले तेव्हा तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलण्याची जागा असते तिथंच धक्का बसलाय, ह्यांना समजतं की नाही तेही सांगता येत नाही, तुम्ही सिस्टर आहात, तुम्हीच बघा. मी हे शेकडो वेळा केलेलं काम. तुमचा डावा हात हातात घेतला आणि कानाशी मोठ्यानं म्हटलं, "ऐकू येतंय का? येत असेल तर माझा हात दाबा."

तुम्ही दाबला नाहीत. अंगठा माझ्या तळव्यावर घासलात, एकदा, सावकाश, मनगटाकडून बोटांकडं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा अंगठा. मी डॉक्टरांना सांगितलं, हालचाल आहे, पण सांगितलेलं समजत नाही.

मग चौथ्यापाचव्या दिवशी तोंडातून शब्द आला. सुवर्णा ओरडलीच, "आई, अप्पा बोलले!" शब्द होता "बरं." आम्ही दोघी रडलो, नर्सबाईंनी पेढे मागितले. संध्याकाळपर्यंत कळलं की तेवढाच आहे. चहा घेता का? बरं. नको का? बरं. दुखतंय का? बरं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादाच शब्द उरतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. सगळ्या शब्दांतून हाच का उरला, हे मी त्यांना विचारलं नाही.

घरी आणलं. तुमची बाज पुन्हा आतल्या खोलीत आली, माझ्या पलंगाशेजारी, कारण रात्री कूस बदलावी लागायची. किती वर्षांनी! आणि मग तुमचं अंग माझ्या हातात आलं. पुसणं, वळवणं, भरवणं, नखं काढणं. पाणी मोजकं, म्हणून एकच पंचा पिळून पिळून, आधी तोंड, मग छाती, मग पाठ, शेवटी पाय. मी हजारो माणसांची अंगं हाताळली आणि घरातलं एक मला ठाऊक नव्हतं. डाव्या खांद्याखाली एक वण सापडला, बोटभर लांब, जुना. शिंगाचा का पोत्याच्या आकड्याचा? "हा कधीचा हो?" "बरं." मला वाटायचं, पायरीवर बसून आपण देवाबद्दल बोललो, भूकंपाबद्दल बोललो, आणि ह्या वणाबद्दल कधी बोललो नाही. अंगच नको म्हटल्यावर तो मला दिसणार कसा.

सगळ्यात त्रास व्हायचा तो तुमच्या डाव्या हाताचा. पुसायला घेतला की तो माझी बोटं पकडायचा. कधी सगळी मूठ, कधी एकच बोट, कधी नुसता चाळा. पेशंट घाबरला की असं धरतो, मी नव्या मुलींना हेच शिकवत आले. एक एक बोट हळूच उलगडायचं, तळवा पुसायचा, पावडर लावायची, हात पोटावर ठेवायचा. तसंच करत होते. व्यवस्थित.

गफूरभाई उदगीरहून यायचे, बाजार नसेल त्या दिवशी. बाजेजवळ खुर्ची घ्यायचे, तुमचा हात हातात घ्यायचे आणि खांद्यावरची दस्ती त्यावर टाकायचे. मी म्हणायचे, दोन म्हातारे, हात धरून बसायची लाज वाटत असेल. गफूरभाई एकटेच बडबडायचे. छावणीत कुणाची जनावरं आहेत, कुणाचा पोरगा पुण्याला पळाला. मध्येच स्वतःशी हसायचे, "हट साले!" म्हणायचे. मी चहा ठेवता ठेवता मनात म्हणायचे, बरं आहे ह्यांचं, समोरचा ऐकतोय का नाही ह्याची फिकीर नाही. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. ते गेल्यावर तुम्ही शांत झोपायचात. माझ्या हातून पुसून घेताना तुमचं कपाळ आठ्यांनी भरलेलं असायचं.

पाण्याची रेल्वे आली त्या दिवशी अख्खं गाव स्टेशनात. मी येऊन तुम्हाला सांगितलं, "ऐकलं का, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. आता काय म्हणता?" क्षणभर मी खरंच थांबले. तुम्ही काय बोलला असता ते मला पाठ होतं. रेल्वेनं पाणी येतंय, मग उदगीरलाबी स्टेशन हाय, जिल्हा करायला काय जातंय? तुम्ही म्हणालात, "बरं." मी तुमच्या वाटचं बोलले, मग माझ्या वाटचं उत्तर दिलं. सुवर्णा दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आईचं डोकं फिरलं.

तेव्हापासून मी रोज बोलायला लागले. समजत नाही असं धरून चालले होते, म्हणूनच बोलू शकले. वैशाखातली ती दुपार. बाहेर ऊन नुसतं कोसळत होतं, खिडकीला ओलं पोतं लावायलाही पाणी नव्हतं. सुवर्णा झोपली होती. मी पाठ पुसली, कुशीवरून सरळ केलं आणि डावा हात पुसायला घेतला. मान खाली घालून, बोटांच्या बेचक्या पुसत पुसत विचारलं, "तुम्हाला माझ्याकडून कमी पडलं का हो? बाज पुढच्या खोलीत नेल्यापासून. पडलं असेल ना?"

"बरं," तुम्ही म्हणालात.

आणि तुमचा हात हलला. माझ्या हातात काहीतरी केलंत तुम्ही. मी बघत नव्हते. मला माझ्याच तोंडाची इतकी लाज वाटत होती, जे विचारलं त्याची, की मी घाईघाईनं बोटं उलगडली, तळवा पुसला, हात पोटावर ठेवला आणि पंचा वाळत घालायला निघून गेले.

त्यानंतर आठवडाभरात तुम्ही गेलात. सकाळी चहा घेऊन आले तोवर.

कार्य झालं, पाहुणे पांगले, त्यानंतर गफूरभाई आले. तुमची बाज अजून आतच होती, ते सवयीनं तिच्याजवळच्याच खुर्चीवर बसले. मी म्हटलं, तुम्ही यायचात ते त्यांना कळत होतं का नाही देव जाणे, पण तुमचे उपकार आहेत.

त्यांनी चमकून बघितलं. "कळत न्हवतं? भाभी, त्याला समदं कळत होतं."

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरला काय म्हाईत. मी तोंडानं इचारायचो, त्यो हातानं सांगायचा. मागच्या बारीला मी म्हनलो, गणपत बैलजोडी इकून राहिला, घेऊ का? नको म्हनला साला. दोनदा म्हनला." आणि मग माझा चेहरा बघून ते थांबले. "तुमाला म्हाईत न्हवतं? तुमाला तर शिकवल्यालं ना त्यानं? सांगायचा की नेहमी. नव्या नवरीनं समद्या घरासमोर इज्जत काढली माजी, तोंडानं सांगा म्हनली."

मी खाली बसले. फरशीवरच बसले.

शिकवलं होतं. मला आठवत नव्हतं. बैलांची भाषा म्हणून मी ती फेकून दिली होती, आणि तुम्ही माझ्यासाठी तोंड शिकलात. मग तोंड गेल्यावर तुमच्याकडं उरलं ते आधीचंच होतं. शिकलेल्या बायकोशी तुम्ही पुन्हा त्याच भाषेत बोलायला लागलात, चार महिने, दिवसातून दोनदा, आणि मी तुमची बोटं उलगडून पावडर लावत राहिले.

"दाखवा मला," मी म्हटलं.

गफूरभाई चपापले. बाईमाणसाचा हात दस्तीखाली कधी गेलेला नाही, आणि मी तर दोस्ताची विधवा. "भाभी, तसं..."

"द्या हात. सिस्टर आहे मी."

त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, झटकली, आणि आमच्या हातांवर टाकली. धंद्याची सवय असेल, दस्ती पडल्यावर त्यांचा हात एकदम स्थिर झाला. "हे पक्कं," ते म्हणाले, आणि माझी सगळी बोटं मुठीत आवळली. "हे न्हाई," करंगळी धरून मागं ओढली. आणि मग अंगठा माझ्या तळव्यावरून सावकाश फिरला, मनगटाकडून बोटांकडं. "हे, थांब. बोलणं अजून संपल्यालं न्हाई. ह्यावरच समदा बाजार चालतो भाभी. उठून जाऊ नको म्हनायचं."

हॉस्पिटलातलं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. ऐकू येतंय का, मी विचारलं. थांब, तुम्ही म्हणालात, संपलेलं नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, समजत नाही.

पण त्या दुपारचं काय? मी म्हटलं, गफूरभाई, पुन्हा करा. डोळे मिटले. त्यांनी मूठ आवळली, आणि मला वाटलं, हेच होतं. हो, कमी पडलं. करंगळी ओढली, आणि वाटलं, हेच, अगदी हेच. अंगठा फिरवला, तेव्हाही तसंच. तिन्ही स्पर्श माझ्या ओळखीचे. चार महिन्यांत तुम्ही तिन्ही इतक्या वेळा सांगितलेत की माझ्या हाताला सगळे पाठ आहेत, आणि कशाचं उत्तर कोणतं ते मला एकाचंही माहीत नाही. हाताला अक्कल नसते, मी म्हटलं होतं. हाताला सगळं आठवतंय. मलाच काही आठवत नाही.

पुन्हा, मी म्हटलं. त्यांनी पुन्हा केलं. सुवर्णा चहा घेऊन दारात आली, आम्हाला तसं बसलेलं बघितलं आणि कप तिथंच खाली ठेवून परत गेली.

गफूरभाईंनी हळूच विचारलं, "भाभी, काय इचारल्यालं तुमी त्याला? कोंचं होतं त्यातलं?"

तुमच्या दोस्ताला सांगावं असं मला वाटलं. सगळं, पुढच्या खोलीतल्या बाजेपासून. तोंड उघडलं. जन्मभर लोकांना तोंडानं सांगा म्हणणारी बाई मी.

"बरं," मी म्हटलं.

दस्ती तशीच होती. त्यांनी हात काढून घेतला नाही.